मुलाखतीतून डॉक्टर निवडू नका

२०२४ च्या ‘नीट’ने, म्हणजे एमबीबीएसच्या देशव्यापी प्रवेश परीक्षेने, पालकांचा परीक्षेवरचा विश्वास पार उडवला. ४ जूनला निकाल लागला तेव्हा ६७ जणांना ७२० पैकी ७२० गुण होते. मग १५६३ मुलांना दिलेले वाढीव गुण काढून घ्यावे लागले, पाटणा आणि हजारीबागच्या पेपरफुटीचा तपास सीबीआयकडे गेला, आणि २३ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण परीक्षा रद्द करायला नकार दिला. तेव्हापासून ठाण्या-नवी मुंबईत पालकसभांमध्ये, डॉक्टरांच्या गप्पांमध्ये, क्लासच्या दारात ताटकळणाऱ्या आई-बाबांमध्ये एक उपाय पुन्हा पुन्हा ऐकू येतो: नुसत्या गुणांवर एमबीबीएसला घेऊच नका, मुलांची मुलाखत घ्या. यातली पहिली गफलत उघड आहे. पेपर फुटतो तो छपाई, वाहतूक आणि परीक्षा केंद्रांवरच्या ढिलाईमुळे. ती ढिलाई मुलाखतीने कशी थांबणार? पण वाद तिथे अडकत नाही, तो लगेच माणुसकीवर जातो. एक बाजू म्हणते, समोर बसवून दोन प्रश्न विचारले की कळतं कोण डॉक्टर व्हायच्या लायकीचं आहे. दुसरी म्हणते, मुलाखत म्हणजे वशिला, विषय संपला. मुलाखतीत नेमकं काय मोजलं जातं, हा प्रश्न दोन्हीकडून राहूनच जातो.

मी ठाण्यात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. माझं मत असं की वैद्यकीय प्रवेशासाठी सरसकट मुलाखत आणू नये. एखादा वशिल्याने घुसेल ही भीती त्यामागे आहेच, पण ते मुख्य कारण नाही. मुलाखत घेणारं मंडळ अगदी प्रामाणिक असलं, सदस्य निःस्पृह असले, तरीही मुलाखतीत मुलाची करुणा दिसत नाही. दिसतं ते त्याचं घर: घरात कोणती भाषा बोलतात, मोठ्यांसमोर किती मोकळेपणा असतो, अनोळखी साहेबाच्या नजरेला नजर देऊन बोलायची सवय आहे की नाही.

तरी समोरच्या बाजूचं म्हणणं हलकं नाही आणि ते नीट ऐकायला हवं. १८० मिनिटांत १८० प्रश्नांचे गोल काळे करणाऱ्या मुलाबद्दल ती उत्तरपत्रिका काय सांगते? त्याला एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं पाठ आहेत आणि तो घाईत चुकत नाही, एवढंच. रुग्णाकडे मान वर करून न बघता औषधं लिहिणारे डॉक्टर आपण सगळ्यांनी पाहिले आहेत, आणि त्यातले पुष्कळ असल्याच परीक्षांमधून वर आले आहेत. आईवडिलांच्या हट्टापायी दोनदा ‘रिपीट’ करून कोमेजलेली मुलं मी दरवर्षी बघते. कुणी तरी त्यांना ‘तुला खरंच जायचंय का?’ एवढं विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं मलाही वाटतं. आणि आपल्याच जिल्ह्याचा इतिहास मुलाखतवाल्यांच्या बाजूने साक्ष देतो. १८६५ साली कल्याणला जन्मलेल्या आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या, त्या काही प्रवेश परीक्षेत पहिल्या येऊन नव्हे. रीतसर शिक्षणाचे दाखले त्यांच्यापाशी जेमतेम होते. आप्त आणि जात यांचा विरोध पत्करून आपण इथवर आलो, परपुरुषाकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करणाऱ्या आपल्या देशभगिनींसाठी आपल्याला शिकायचं आहे, असं त्यांनी पत्रात कळवलं, आणि ते वाचून कुणीतरी दार उघडलं. गुणांच्या यादीने आनंदीबाईंना गाळलं असतं.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचं उदाहरणही खरं आहे. तिथे वर्षानुवर्षं निवडलेल्या मुलांना बोलावून चाचण्या, गटातली कामं आणि मुलाखती यांतून प्रवेश दिला जाई. नीटची सक्ती झाल्यावर २०१७ मध्ये त्या संस्थेने एमबीबीएसच्या शंभर जागांवर फक्त एक विद्यार्थी घेतला आणि बाकी जागा रिकाम्या ठेवल्या, इतकी त्यांची आपल्या पद्धतीवर निष्ठा होती. एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधात, नीट त्यांनाही बंधनकारक आहे असा, निकाल दिला. तिथून बाहेर पडलेले डॉक्टर दूरदूरच्या मिशन रुग्णालयांत काम करतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण त्यांना तिथे कोण नेतं? प्रवेशाच्या वेळचे प्रश्न, की शिक्षणानंतर सेवा करण्याचं बंधन आणि त्या आवारातली पाच वर्षं? वेल्लोरची मुलाखत उचलून नेरूळच्या किंवा कळव्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणता येईल. ते आवार उचलून आणता येणार नाही. आणि आनंदीबाईंना दार उघडणारं महाविद्यालय मुळात ज्यांना इतरत्र दार बंद होतं अशा स्त्रियांसाठी काढलेलं होतं. ज्या दारावर लाखभर जागांसाठी वीस लाखांहून जास्त मुलं उभी आहेत, तिथे पत्रं आणि मुलाखती कुणाच्या उपयोगी पडतील?

याचं उत्तर शोधायला परदेशात जायची गरज नाही. श्रीनगरच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयात १९७९-८० च्या प्रवेशासाठी लेखी परीक्षेला १०० आणि मुलाखतीला ५० गुण ठेवले होते. मुलाखत प्रत्येकी दोन-तीन मिनिटांची. विचारलं काय, तर वडील काय करतात, राहता कुठे. लेखीत पुढे असलेली मुलं तोंडीत मागे पडली आणि मागची पुढे गेली. त्यावरच्या अजय हसिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, न्यायमूर्ती भगवतींनी लिहिलेल्या निकालात, मुलाखतीला बंदी घातली नाही, पण एकूण गुणांच्या १५ टक्क्यांहून जास्त वजन तिला देणं मनमानी ठरेल असं स्पष्ट सांगितलं आणि मुलाखती ध्वनिमुद्रित कराव्यात अशी सूचनाही केली. चार दशकांपूर्वी न्यायालयाला जे दिसलं ते आज आपल्याला दिसू नये? याच देशाने १ जानेवारी २०१६ पासून केंद्र सरकारच्या गट क, गट ड आणि गट ब मधल्या अराजपत्रित पदांच्या मुलाखती बंद केल्या, कारण गरिबाच्या मुलाला तिथे ओळखीपाळखीचा जाच होतो हे सगळ्यांना मान्य होतं. कारकुनाच्या जागेला जी गोष्ट धोक्याची वाटली, ती डॉक्टरच्या जागेला सुरक्षित कशी?

कुणी म्हणेल, त्या जुन्या मुलाखती झाल्या, आता शास्त्रशुद्ध पद्धत आहे. हे म्हणणं मी गंभीरपणे घेते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने या शतकाच्या सुरुवातीला छोट्या-छोट्या अनेक मुलाखतींची पद्धत काढली. एका मोठ्या मंडळाऐवजी दहाएक टेबलं, प्रत्येक टेबलावर वेगळा परीक्षक, वेगळा प्रसंग, आठ मिनिटं. एका परीक्षकाच्या लहरीवर मुलाचं नशीब ठरत नाही, म्हणून गुणांमध्ये सातत्य येतं. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात ही पद्धत रुळली आहे. पण लाख जागांसाठी तिप्पट, म्हणजे तीन लाख मुलं बोलवायची तर प्रत्येकाची ऐंशी मिनिटं धरून परीक्षकांचे चार लाख तास लागतील. महाराष्ट्राच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत शिक्षकांची पदं रिकामी आहेत, महाविद्यालयाच्या तपासणीच्या दिवसापुरते डॉक्टर एका गावाहून दुसऱ्या गावी पाठवले जातात. हे चार लाख तास कोण देणार? मग होईल काय, तर कागदावर दहा टेबलं आणि प्रत्यक्षात तिघांचं मंडळ, पाच मिनिटं, वडील काय करतात, राहता कुठे.

आणि तयारीचा बाजार तर आत्ताच उभा आहे. पुण्याच्या सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालयात नीटनंतर आणखी एक लेखी चाचणी आणि मुलाखत असते. परदेशी विद्यापीठांकडे वळणारी मुलंही ठाण्यात आणि वाशी-खारघरमध्ये कमी नाहीत. त्यांच्यासाठी सराव-मुलाखती घेणारे वर्ग चालतात. नौपाड्यातल्या अशाच एका वर्गात मला एका विद्यार्थिनीने आग्रहाने नेलं, ‘मॅडम, तुम्ही पॅनेलवर बसा ना, ओळखीचं कुणी असलं की भीती जाते.’ मुलगी घोडबंदर रोडची, आईवडील दोघं डॉक्टर, अभ्यासात खरोखरच हुशार. डॉक्टर का व्हायचंय, असं विचारल्यावर तिने इंग्रजीत आजीच्या डायलिसिसबद्दल सांगितलं. छान सांगितलं. शिकवणाऱ्या सरांनी तिला थांबवलं: ‘आजी गेली, हे म्हणताना दोन सेकंद थांब. नजर खाली. मग वर बघून पुढचं वाक्य घे.’ तिने पुन्हा म्हटलं आणि या वेळी ते आणखी छान झालं. टेबलावर तिची फाइल होती. एका शिबिरात आदिवासी मुलांना खाऊ वाटतानाचे फोटो, त्याखाली प्रमाणपत्र. त्या मुलीचं आजीबद्दलचं दुःख शंभर टक्के खरं होतं. पण मंडळासमोर येणार होतं ते बेतून दिलेलं दुःख, आणि ते बेतून देण्याची फी परवडणाऱ्या घरचं.

माझ्या वर्गात त्याच सुमाराला शहापूरच्या बाजूचा एक मुलगा होता, आश्रमशाळेतून दहावी करून आलेला. एकदा प्रयोगशाळेत एक मुलगी चक्कर येऊन पडली. सगळे भोवती गोळा झाले. याने दोन मुलांना बाजूला सारलं, तिला आडवं केलं, पायाखाली दप्तर सरकवलं, खिडकी उघडली आणि तिच्या मैत्रिणीला जवळ बसायला सांगून स्वतः लांब जाऊन उभा राहिला, म्हणजे शुद्धीवर आल्यावर तिला संकोच वाटू नये. प्राचार्यांनी नंतर बोलावून विचारलं, काय झालं, तू काय केलंस? त्याने चपलांकडे बघत सांगितलं, ‘काही नाही सर, तिला चक्कर आली होती.’ एवढंच. मंडळाने याला किती गुण दिले असते? आणि त्या दोघांपैकी कोण चांगला डॉक्टर होईल हे मी तरी सांगू शकत नाही, कदाचित दोघंही होतील. पण मुलाखतीने कुणाला निवडलं असतं, हे मी डोळे मिटून सांगू शकते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो: शिकवण्या नीटलाही आहेत, लातूर-कोट्यापर्यंत आहेत, त्यांची फी लाखांत आहे, मग नीट तरी गरिबाच्या बाजूची कुठे आहे? बरोबर आहे. तामिळनाडूत न्यायमूर्ती राजन समितीने २०२१ मध्ये हेच मांडलं की नीटमुळे पैसेवाल्या आणि पुन्हा पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या मुलांचं फावतं. पण फरक बघा. जीवशास्त्राच्या प्रश्नाला एक बरोबर उत्तर असतं आणि ते शहापूरच्या मुलालाही जुन्या पुस्तकातून मिळू शकतं. नीट मराठीतूनही देता येते. ‘तुझ्या आयुष्यातला नेतृत्वाचा प्रसंग सांग’ या प्रश्नाचं बरोबर उत्तर कुठल्या पुस्तकात आहे? छोट्या मुलाखतींच्या पद्धतीत शिकवणीने फारसा फरक पडत नाही असं सांगणारे अभ्यास आहेत, आणि मुलाखतवाले ते मोठ्या उत्साहाने पुढे करतात. मला ते वाचून जास्त काळजी वाटते. दोन महिन्यांच्या वर्गाने फरक पडत नसेल, तर तिथे कामी येणारी गोष्ट सतरा वर्षांच्या वाढीतून येते. मग ती तर कुठल्याच फीने, कुठल्याच शिष्यवृत्तीने भरून निघणार नाही. तामिळनाडूने २०२० मध्ये सरकारी शाळांतल्या मुलांसाठी साडेसात टक्के जागा राखून ठेवल्या. परीक्षेतली विषमता कमी करायचा तो सरळ रस्ता आहे. परीक्षेच्या शेजारी दुसरी, अधिक धूसर परीक्षा उभी करून विषमता कशी कमी होईल?

मुलाखतीत मागे पडलेली मुलं पुढे खरोखर कमी प्रतीचे डॉक्टर होतात का, याचा एक पडताळा योगायोगाने मिळालेला आहे. ह्यूस्टनच्या टेक्सास विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात १९७९ साली मुलाखती आटोपून प्रवेश झाल्यावर राज्याच्या विधिमंडळाने अचानक पन्नास जागा वाढवायला लावल्या. त्या भरायला मुलाखतीनंतर यादीच्या तळाला टाकलेली मुलं घ्यावी लागली, इतर बहुतेक महाविद्यालयांनीही नाकारलेली. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली: किती जणांनी शिक्षण सोडलं, गुण किती पडले, वॉर्डातलं काम कसं होतं, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षी वरिष्ठांनी काय शेरा दिला. दखल घ्यावी असा फरक सापडला नाही. हा एका महाविद्यालयाचा अनुभव आहे, मान्य. पण मुलाखतीवर विसंबणाऱ्यांनी याहून भक्कम काही दाखवायला हवं.

लंडनच्या सेंट जॉर्जेस रुग्णालयाच्या महाविद्यालयाची कथा तर अंगावर काटा आणते. तिथल्या निवड समितीचं काम हलकं व्हावं म्हणून एका डॉक्टरने संगणकाचा कार्यक्रम लिहिला. समितीतले अनुभवी लोक अर्ज बघून जे ठरवत, तेच तो बहुतेक वेळा ठरवू लागला. १९८८ मध्ये वांशिक समता आयोगाचा तपासणी अहवाल आला तेव्हा उघड झालं की युरोपीय न वाटणाऱ्या नावाच्या अर्जांचे आणि स्त्रियांचे गुण तो कापत होता, आणि त्यामुळे वर्षाला साठेक उमेदवार मुलाखतीपर्यंतही पोचत नसावेत. यंत्राने हा भेदभाव स्वतः शोधून काढला नव्हता. सभ्य, सुशिक्षित माणसांच्या मनात जे होतं ते त्याने आकड्यांत लिहून दाखवलं. आपल्या मंडळांच्या मनात आडनावाला किती गुण असतील? ‘गाव कुठलं?’ हा निरागस प्रश्न आपल्याकडे किती गोष्टी एकदम विचारून घेतो, हे मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. त्यात नवी मुंबईत अभिमत विद्यापीठांची वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, वर्षाची फी वीस लाखांच्या पुढे. नीटने खाजगी व्यवस्थापनांच्या हातून प्रवेशाचा अधिकार काढून केंद्रीय फेऱ्यांकडे नेला, ‘डोनेशन’चं जुनं दार बऱ्याच अंशी बंद केलं. मुलाखतीचे गुण म्हणजे ते दार पुन्हा किलकिलं करणं.

मग माणुसकीचं काय, ती वाऱ्यावर सोडायची? मुळीच नाही. ती सतराव्या वर्षी पारखून घेता येत नाही, म्हणून पुढच्या साडेपाच वर्षांत घडवावी आणि तपासावी लागते. सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत पूर्वी प्रवेशाला गांधीविचारावरचा पेपर असे. मला त्या पेपरपेक्षा तिथली दुसरी रीत मोलाची वाटते: प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, पहिल्याच वर्षी मुलं त्या गावात राहतात आणि तिथल्या कुटुंबांशी नंतरही संबंध ठेवतात. पेपर पाठ करून सोडवता येतो. तापाने फणफणलेल्या पोराच्या घरी पुन्हा जाणं पाठ करता येत नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचा स्वतंत्र भाग आला आहे, ‘एटकॉम’ नावाने. कागदावर तो उत्तम आहे. माझे माजी विद्यार्थी सांगतात ते असं की बहुतेक वेळा त्याचे तास हजेरीपुरते होतात आणि लॉगबुकात सह्या गोळा केल्या की काम भागतं. बदलायचं तर हे बदला. अंतिम परीक्षेच्या लाँग केसमध्ये, म्हणजे एका रुग्णाला सविस्तर तपासायच्या परीक्षेत, परीक्षक विचारतो पोट चाचपताना यकृत किती बोटं लागलं. तपासताना मुलाने पडदा ओढला का, बाईंना आधी विचारलं का, हे तिथे पडलेल्या रुग्णालाच विचारून त्यावर गुण का देऊ नयेत? वॉर्डातल्या सिस्टर आणि मावशी वर्षभर बघत असतात कोण इंटर्न रात्री तीन वाजता हाक मारल्यावर येतो आणि कोण ओरडतो. त्यांचा शेरा इंटर्नशिप पूर्ण करताना का लागू नये? जो विद्यार्थी रुग्णाचा अपमान करतो त्याला शरीरक्रियाशास्त्रात नापास करतात तसं यातही नापास करा. हे पाच मिनिटांच्या मुलाखतीपेक्षा कितीतरी अवघड आहे, कारण यात शिक्षकांनाही वॉर्डात उभं राहावं लागतं.

सशस्त्र दलांच्या महाविद्यालयाला मुलाखत हवी, यावर माझा आक्षेप नाही. तिथे प्रवेशाबरोबर लष्करी सेवेची जबाबदारी येते, म्हणजे ती नोकरीचीही निवड आहे, आणि जागा थोड्या आहेत. ज्या मुलांना ती किंवा परदेशातली मुलाखत द्यायचीच आहे, त्यांना मी वर्गाऐवजी एवढंच सांगते: एखाद्या सरकारी किंवा पालिका रुग्णालयात सकाळी केसपेपरच्या रांगेत कुणा शेजारच्या आजींना घेऊन उभे राहा. खिडकीवर काय बोलतात, औषध कुठे मिळतं, कोणतं बाहेरून आणायला सांगतात, आजींना डॉक्टरांचं बोलणं किती कळलं, हे बघा. घरी आल्यावर आजींना तेच पुन्हा समजावून सांगा. मुलाखतीत त्यातलं काही बोलता आलं तर बोला, नाही आलं तरी ते वाया जात नाही.

आणि एवढं सगळं सांगूनही सरकारने उद्या मुलाखत आणलीच, तर माझ्या काही अटी आहेत. वजन १५ टक्क्यांच्या आत, आणि ते आतलं म्हणजे पाच टक्के पुरे. प्रत्येक मुलाखत ध्वनिमुद्रित, आणि मागेल त्या पालकाला ती ऐकायची मुभा. मंडळासमोर नाव, आडनाव, शाळा आणि आईवडिलांचा व्यवसाय यांपैकी काहीही जाता कामा नये, फक्त क्रमांक. मुलाने नीटची जी भाषा निवडली त्याच भाषेत प्रश्न. प्रमाणपत्रांच्या फायली दाराबाहेर. आणि प्रत्येक मंडळात वीस वर्षं वॉर्डात काढलेली एक परिचारिका, तिच्या मताला प्राध्यापकाच्या मताइतकीच किंमत. या अटी ज्यांना जाचक वाटतात, त्यांना मुलाखत नेमकी कशासाठी हवी आहे, हे त्यांनी पुढच्या पालकसभेत उभं राहून सांगावं.